फ्रेंच नन, चपला आणि माझं समारोपाचं भाषण

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. निदान अध्यक्ष होईपर्यंत तरी नाही.

तिसरा डोळा चित्रपट मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब गुडघ्यांमुळे पद सोडतायत. दावेदार दोन: मी आणि काकासाहेब. काकासाहेबांना सिनेमातलं ओ की ठो कळत नाही, पण प्रोजेक्टर त्यांचा आहे. तेवीस तारखेचा शो तात्यासाहेबांनी माझ्याकडे सोपवला. एका फ्रेंच दिग्दर्शकाचा सुरुवातीच्या काळातला सिनेमा. काळा-पांढरा, संथ, विषय धार्मिक. डोंगरावरच्या मठातली एक तरुण नन वर्षभर मौन धरते. सिनेमा संपल्यावर माझं समारोपाचं भाषण. तात्यासाहेब म्हणाले, इंद्रजीतराव, हॉल भरला अन् भाषण जमलं की खुर्ची तुमचीच समजा.

समजली.

५ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी

सिनेमा पाहिला. म्हणजे सुरुवात पाहिली. नन मठातल्या विहिरीत डोकावते. विहीर कोरडी. मग कळशी घेऊन डोंगर उतरू लागते. इथं मी डोळे मिटले. चांगला सिनेमा कानांनीही पाहता आला पाहिजे. उघडले तेव्हा लॅपटॉप बंद पडला होता आणि संध्या चहा घेऊन उभी होती. म्हणाली, अहो, केवढे घोरत होतात. मी दीर्घ श्वसन करत होतो.

संध्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली, पण लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या एकाही शोला आलेली नाही. बायकोला सिनेमाचं अंग नसणं हे कलावंताचं जुनंच दुःख आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

भाषणाचा मसुदा तयार. विषय : मौनातला आक्रोश. शेवट अजून पाहायचाय, पण नन मरते असं धरून चाललोय. असल्या सिनेमात कुणीतरी मरतंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुसरा प्रयत्न. हलकं जेवायचं ठरवलं होतं. संध्यानं वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी केली. नन विहिरीत डोकावली, कळशी घेतली, डोंगर उतरू लागली. पुढचं आठवत नाही. दोष भरताचा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रेक्षकांचा प्रश्न. आपले नेहमीचे सात-आठ जण, त्यातले दोघं पंख्याखाली बसायला येतात. काकासाहेब आज हसत म्हणाले, फ्रेंच ननला आपल्या औरंगपुऱ्यात कोण ओळखतं? त्यांना दाखवतोच.

पोस्टर छापून घेतलं. वर ठळक अक्षरांत ‘भव्य धार्मिक चित्रपट’. खाली बारीक अक्षरांत बाकीचं. यात खोटं काहीच नाही. औरंगपुऱ्यात लावलं, पडेगावात लावलं, संध्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरही टाकायला लावलं. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, याला मार्केटिंग म्हणतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याच्या भजनी मंडळातल्या, पडेगावच्या चतुराबाईंचा फोन. म्हणाल्या, आमी समद्या येतो, लई दिसांनी देवाचा शिनेमा बघाया मिळतोय, पण देव कंचा हाय? मी समजावलं की यात देव दिसत नाही, तेच तर वैशिष्ट्य. त्या म्हणाल्या, व्हय, देव कुठं दिसतो म्हना.

बाईंना मिनिमलिझम फोनवरच कळला. काकासाहेबांना जन्मात कळणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तिसरा प्रयत्न. उभ्यानं पाहिला. भिंतीला टेकलो तेवढी चूक झाली. संध्यानं विचारलं, खाली इंग्रजीत लिहून येतं, ते बायका वाचणार कशा? मी म्हटलं, दृश्याला भाषा लागत नाही. उद्या हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता हवी. ती बरं म्हणाली. तिचं ‘बरं’ मला कधीच कळलेलं नाही.

उद्या शोच्या वेळी शेवट पाहीन. पडद्यावर पाहिलेलाच खरा.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी पाच. जिन्यात

हॉल भरला! खुर्च्या संपल्या, सतरंज्या अंथरल्या. संध्याही आली, भजनी मंडळाबरोबर. काकासाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मी मात्र जिन्यात आहे. बायकांनी दाराशीच चपला काढल्या. पडद्यापुढे पाट मांडला, नारळ ठेवला, फुलं वाहिली. मंडळातल्या बानाबाईंनी प्रोजेक्टरलाही हळदीकुंकू लावलं. मी म्हटलं, चपला घालून बसा, इथं चालतं. चतुराबाई म्हणाल्या, देवाच्या शिनेमाला चपला घालून बसतेत व्हय? पण जिना थेट रस्त्यावर उघडतो, आणि त्यांच्यातल्या केसरबाईंच्या नव्या चपला मागच्याच महिन्यात देवळाबाहेरून गेल्यात. कुणीतरी राखण बसायला पाहिजे. आयोजक कोन हाय, असं कुणीतरी विचारलं. सगळा हॉल माझ्याकडे वळला. तात्यासाहेबसुद्धा.

पाच मिनिटं बसतो, मग आत जातो.

साडेपाच. जिन्यात

आतून संध्याचा आवाज येतोय. पडद्यावरची ओळ मराठीत मोठ्यानं सांगते आणि मग तिचा अर्थ, अगदी पोथी सांगतात तशी. मठाच्या मोठ्या माताजी विचारतात, बाळ, तू बोलणं सोडलंस, पण मनातला राग सोडलास का? बायका म्हणतात, खरंय माय, खरंय.

हा सिनेमाकलेवर अत्याचार आहे. थांबवायला उठलो, तेवढ्यात रस्त्यावरून एक गृहस्थ वर आले आणि चपलांचा भाव विचारू लागले. ‘ये लेडीज में बड़ा साइज है क्या?’ त्यांना कसंबसं खाली पोचवलं. परत येऊन बसलो.

साडेसहा. जिन्यात

आत एकदम शांत. संध्यासुद्धा गप्प. टाचणी पडली तर ऐकू येईल. मग कुणीतरी नाक ओढलं, मग आणखी कुणीतरी. काहीतरी झालंय. काय झालंय? दार ढकललं, तर दाराला टेकून बायका बसलेल्या. फटीतून बानाबाईंचा पदर दिसला, डोळ्याला लावलेला.

रात्री, घरी

भाषण झालं. दोन वाक्यं. दुसरं वाक्य असं होतं : या कोवळ्या ननचा मृत्यू आपल्याला अंतर्मुख करतो. बानाबाई खालून म्हणाल्या, मेली कुठं ओ दादा? म्हायेरी गेली की पोर! हॉल हसला. वाईट हसला नाही, लग्नात नवरदेवाला हसतात तसा हसला. तात्यासाहेब आपल्या गुडघ्यांकडे पाहत राहिले. मग आरती सुरू झाली. आरतीनंतर भाषण करता येत नाही.

सगळ्यांच्या चपला सगळ्यांना मिळाल्या. माझ्या गेल्या. संध्याच्या स्कूटीवर मागे अनवाणी बसून घरी आलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

तात्यासाहेबांचा फोन. माझ्यासाठी नव्हता. संध्याला अध्यक्ष व्हा म्हणाले. काकासाहेबांनी सुचवलं म्हणे. ती म्हणाली, बरं. मलाही कमिटीत घेतलंय, पादत्राण व्यवस्था. बाणेदारपणे नकार देणार होतो, पण तात्यासाहेबांनी फोन ठेवला होता.

वाईट वाटलं. खूप वाटलं. सकाळभर संध्याशी बोललो नाही. मौनातला आक्रोश. तिच्या लक्षात आलं नाही.

दुपारी जेवण झाल्यावर ती गवार निवडत बसली होती. मी सहज, अभ्यास म्हणून, शेवट विचारला. तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. विहीर, कळशी, डोंगर. मोठ्या माताजींना पोरीचा संशय येतो, रोज पाणी आणायला हिला इतका वेळ का लागतो. एक दिवस त्या मागोमाग उतरतात. खाली गावात एक घर. अंगणात आड. पोरीची आई पाणी शेंदते, कळशी भरते, पोरीच्या कडेवर देते. दोघी एक शब्द बोलत नाहीत. वर्षभर रोज हेच. मोठ्या माताजी कुंपणापाशी उभ्या राहून पाहतात. मग पुढं येतात, पोरीच्या कडेवरची कळशी काढून घेतात, स्वतःच्या कडेवर ठेवतात आणि एकट्या डोंगर चढायला लागतात. पोर अंगणातच राहते.

संध्या शेंगा मोडायची थांबली. मला विचारलं, अहो, जागे आहात ना?

भरीत झालं होतं, भाकरी झाली होती, पंखा फिरत होता. मी टक्क जागा होतो. म्हटलं, पुढं सांग.

ती म्हणाली, पुढं काही नाही. संपला.