पाणी मुबलक असल्याच्या बातमीत दिसणारा इसम मीच, त्याबाबत

प्रति,
मा. श्री. झेन्झो जेरे,
पाणीपुरवठा अधिकारी,
मुटोंडो नगर परिषद, खोली क्र. ४ (पंखा असलेली)

अर्जदार: चिसेंगा कापाया, वय ६३, निवृत्त निवेदक, घर क्र. बी-११७, मुटोंडो वसाहत

विषय: दूरचित्रवाणीवर मी सांगितलेली बातमी खोटी असून नळ खरोखरच कोरडे असल्याबाबत, तसेच वसाहतीच्या प्रसूतिगृहास १९ तारखेपूर्वी पाणी मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) दुसऱ्या अर्जावर आपण माझ्यासमक्ष केलेले हास्य, अंदाजे चार मिनिटे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवतो की, मी बावीस वर्षे तांब्याच्या खाणीच्या फाटकाजवळील खोलीत बसून ध्वनिक्षेपकावर पाळ्यांच्या वेळा सांगत असे. कोण खाली उतरले, कोण वर आले आणि दोन वेळा कोण वर आले नाही, तेही याच तोंडाने सांगितले आहे. माझा आवाज ऐकून बायका मक्याच्या पिठाच्या न्शिमासाठी आधण ठेवत. त्या बावीस वर्षांत मी एकही शब्द खोटा बोललो नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला आहे.

२. या लौकिकामुळे मला ‘आभाळवस्ती’ या विज्ञानकथा मालिकेच्या सातव्या भागात वृत्तनिवेदकाची भूमिका मिळाली. कथानक सन २१६१ मधील आहे. आभाळात टांगलेल्या एका वसाहतीत वरच्या मजल्यांवरचे लोक दोनदा आंघोळ करतात आणि खालच्या मजल्यांवरचे लोक भिंतीचा ओलावा चाटतात. मी चंदेरी कोट घालून, हसून सांगतो, “पाणी मुबलक आहे. ज्यांच्या नळाला येत नाही, त्यांनी आपली नळ उघडण्याची पद्धत तपासून घ्यावी.” भागाच्या उत्तरार्धात याच निवेदकाला स्वतःची लाज वाटते, तो कागद फाडतो, खरे बोलतो आणि दोन पहारेकरी त्याला पाय धरून ओढत नेतात. ते ओढून नेणे खरे होते. माझी पाठ अद्याप दुखते. तात्पर्य, हा भाग खोट्या बातम्या देणाऱ्यांचे वाभाडे काढण्यासाठी केलेला होता.

३. ‘उगवती’ वाहिनीने त्यातील पहिली तीस सेकंदे सायंकाळच्या बातम्यांत दाखवली. ते मालिकेतील दृश्य आहे, अशी पट्टी खाली नव्हती. मी विचारणा केली असता संपादक श्री. बुपे म्हणाले, “अहो बाशी लुबुटो, काम इतकं झकास केलंत की पट्टी लावली असती तर सगळी मजाच गेली असती! आणि ते शेवटचं ओढून न्यायचं? छे, छे. जेवायच्या वेळी लोकांना असलं काही दाखवू नये.” (बाशी लुबुटो म्हणजे लुबुटोचे वडील. वसाहतीत मला सगळे असेच हाक मारतात. ही लुबुटो पुढे परिच्छेद ७ मध्ये येईल.) तेव्हापासून ती तीस सेकंदे दर तासाला दाखवली जातात. हवामानापेक्षा मीच जास्त वेळा दिसतो.

४. लोकांनी विश्वास ठेवला, याचे मला नवल वाटत नाही, कारण आवाज माझा होता. नवल आपल्या कार्यालयाचे वाटते. गेल्या महिन्यात नगर परिषदेने समाजमंदिरात ‘नळ उघडण्याचे तीन दिवसांचे प्रशिक्षण’ घेतले. फळीवर बारा नळ ठोकले होते. त्यांना नळी जोडलेली नव्हती. दोनशेहून अधिक लोक आले. उद्घाटनाला मलाच बोलावले आणि मी गेलो, हा माझा दुसरा गुन्हा. खुर्ची चांगली होती आणि बाटलीतला फँटा थंड होता. माझी पत्नी त्या प्रशिक्षणात पहिली आली. घरी येऊन तिने शिकवल्याप्रमाणे मनगट सैल सोडून नळ उघडला. आतून एक झुरळ बाहेर आले. ती मला म्हणाली, “बघा, तुमच्या बातमीचा पहिला थेंब!” त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त प्रशिक्षणातल्या भाषेत बोलते.

५. यानंतर तक्रारीच्या नमुन्यात ‘प्रशिक्षण प्रमाणपत्र क्रमांक’ असा रकाना वाढवण्यात आला. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यांना आधी प्रशिक्षण घ्या असे सांगितले जाते. ज्यांच्याकडे आहे, त्यांना नळ उघडता येतो हे सिद्धच झाले असल्याने त्यांची तक्रार निकाली काढली जाते. ही पद्धत ज्याने शोधून काढली, त्याला ‘आभाळवस्ती’च्या लेखकांनी आठव्या भागासाठी तातडीने बोलावून घ्यावे.

६. आता आपल्या हास्याविषयी. आपण न्गोनी जमातीचे आणि मी बेम्बा जमातीचा. आपल्या आजोबा-पणजोबांनी एकमेकांशी लढून झाल्यावर ठरवले की यापुढे फक्त थट्टा करायची आणि कोणी कोणाचा राग मानायचा नाही. हा ठराव मला मान्य आहे. परंतु दुसरा अर्ज वाचून आपण बाहेरच्या कारकुनांना हाक मारलीत, “या रे या! हा माकडखाऊ पाणी मागतोय. माकडाला पोहायला शिकवायचं असेल!” त्यावर गप्प बसून अर्जाची पोच मागणे हे माझे कर्तव्य होते. पण न्गोनी माणसाने डिवचल्यावर बेम्बा माणसाची जीभ आवरत नाही. मी म्हणालो, “उंदीरखाऊंना पाण्याचं काय कळणार? तुमचं जेवण बिळात राहतं!” सगळे कार्यालय पोट धरून हसले. आपण मला चहा पाजलात (तो कोणत्या पाण्याचा होता, हे विचारायचे राहून गेले). माझा अर्ज ‘महिन्याची उत्तम थट्टा’ म्हणून फलकावर लावला गेला आणि अजून तेथेच आहे. तिसरा अर्ज तर न वाचताच त्याच्या शेजारी टाचण्यात आला. चूक माझीच आहे. मी ती लेखी मान्य करतो आणि विनंती करतो की, प्रस्तुत अर्ज थट्टा समजू नये. यात उंदरांचा अन्य कोठेही उल्लेख नाही.

७. माझी मुलगी लुबुटो हिचे दिवस भरत आले आहेत. हे तिचे पहिलेच बाळंतपण. आपल्या प्रसूतिगृहाच्या नळाला अकरा आठवडे पाणी नाही. सिस्टर म्वेल्वा यांनी दारावर सूचना लावली आहे की प्रत्येकीने वीस लिटरचे दोन डबे भरून आणावेत. ओढ्याचे पाणी खाणीच्या गाळाने हिरवे झाले असून ते बाळाच्या अंगाला लावायच्या लायकीचे नाही. मी सिस्टरना भेटलो तेव्हा त्या हात पुसायच्या कोरड्या कापडाकडे बघत म्हणाल्या, “बा कापाया, गेल्या महिन्यात एका बाईला मी न धुतलेल्या हातांनी मोकळं केलं. ती तापाने गेली. तिचा नवरा बाहेर बसून तुमची बातमी बघत होता.” लुबुटो मात्र अजून हसते. ती म्हणते, “बाबा, त्या चंदेरी कोटवाल्याची आणि तुमची ओळख आहे ना? मग माझ्यापुरते दोन डबे सांगा की त्याला.” महोदय, मला फार भीती वाटते. अर्जात असे लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

८. आपल्या रिवाजाप्रमाणे आमच्या घरी मृत्यू झाला, तर थट्टेचे नातलग म्हणून आपल्यालाच यावे लागेल. कबरीसाठी खणलेल्या खड्ड्यात उतरून आडवे पडावे लागेल, जागा अपुरी आहे म्हणून ओरडावे लागेल आणि रडणाऱ्या माझ्या पत्नीला हसवावे लागेल. माझ्या भावाच्या वेळी आपण ते इतके सुंदर केलेत की आम्ही रडता रडता हसलो. त्याबद्दल मी आपला आयुष्यभर ऋणी आहे. लुबुटोसाठी आपल्याला ते करावे लागू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

९. गेल्या गुरुवारी जुन्या खाणीच्या आवारात मालिकेच्या बाराव्या भागाचे चित्रीकरण झाले. दृश्यात पाऊस हवा होता. चित्रीकरण परवान्याच्या नमुन्यात ‘लागणारे साहित्य’ या रकान्यात दिग्दर्शकांनी ‘पाणी, दहा हजार लिटर’ असे लिहिले आणि आपल्या कार्यालयाचा टँकर दोन तासांत हजर झाला. मी प्लास्टिकचा अंतराळपोशाख घालून तोंड उघडे ठेवून त्याखाली उभा होतो. तीन वेळा पाऊस पाडला. दोरीपलीकडे वसाहतीतल्या बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांना कॅमेऱ्यात दिसू नका, असे सांगण्यात आले. उरलेले पाणी पाहता पाहता जमिनीत जिरले. हे मी ओल्या डोळ्यांनी पाहिले असून ओलावा टँकरचाच होता, असे शपथेवर सांगू शकत नाही.

१०. सबब, पाण्याची मागणी करणारे माझे यापूर्वीचे सर्व अर्ज मी याद्वारे मागे घेत आहे. वसाहतीत पाणी नसल्याची माझी तक्रारही मागे घेतो. आपली इच्छा असल्यास पाणी मुबलक आहे, असे कोट घालून पुन्हा म्हणेन. त्याऐवजी मुटोंडो प्रसूतिगृहात दि. १७ ते २६ ऑक्टोबर या काळात एक विज्ञानकथेतील दृश्य चित्रित करण्यास परवानगी मिळावी. दृश्य असे: एक परिचारिका नळ उघडते, पाणी येते, ती हात धुते. लागणारे साहित्य: पाणी, दहा हजार लिटर, रोज. दिग्दर्शकांनी सही दिली आहे. कॅमेरा आणला जाईल, तो चालू असेलच असे नाही. मुख्य कलाकार लुबुटो असून डॉक्टरांनी तिला १९ तारीख दिली आहे. टँकर उशिरा येऊ नये, कारण या दृश्याचा रीटेक घेता येत नाही.

सोबत: १) चित्रीकरण परवान्याचा नमुना, तीन प्रतींत. २) पत्नीचे नळ उघडण्याचे प्रमाणपत्र, प्रथम श्रेणी. ३) मुख्य कलाकाराचे दवाखान्याचे कार्ड.

आपला नम्र अर्जदार, आणि बाळंतपण होईपर्यंत थट्टेतून रजेवर असलेला आपला नातलग,

(सही) चिसेंगा कापाया
मुटोंडो, दि. १४ ऑक्टोबर