अण्णांच्या विमानाची दारू सोडवताना

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला आहे, गुडघा अजून वाकत नाही). तू, वहिनी आणि मुली खुशाल असाल असं धरून चालतो, कारण तुम्ही कळवत नाही. इकडे मी बरा, ही बरी, अण्णा बरे नाहीत. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन हळू आवाजात जे सांगितलं ते अण्णांना आत पलंगावर ऐकू गेलं. जन्मभर फवारणीचं विमान चालवून ज्यांचे कान गेले, त्यांना नेमकं हेच कसं ऐकू यावं, देव जाणे. मी आत आलो तर ते पलंगाच्या कडेला बसून बूट शोधत होते. म्हणाले, "मग एकदा उडून घेऊ."

विमान तेच, आपलं दोन सीटांचं, ज्याच्या पंखाखाली सावलीत बसून तू गणितं सोडवायचास. तुला माहीत नसलेली गोष्ट अशी की धावपट्टीवरची इंधनाची टाकी मागेच बंद झाली (शेवटी गिऱ्हाईक एकटे अण्णाच उरले होते). तेव्हापासून अण्णा रस्त्यावरच्या पंपाचं पेट्रोल कॅनमधून नेऊन भरत, आणि त्या पेट्रोलात हल्ली इथेनॉल मिसळलेलं असतं. मोटारींना ते पचतं, आपल्या म्हाताऱ्या इंजिनाला नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि रबराच्या नळ्या आतून फुगवतं. मिस्त्रीने एक नळी कापून दाखवली, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती. आजारपणाआधी अण्णा शेवटचे उडायला निघाले तेव्हा इंजिन बंद पडलं, ते धावपट्टीवर, चाकं जमिनीवर असताना. जरा उशिरा पडलं असतं तर तुला पत्र नाही, फोन आला असता. ज्या माणसाने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही त्याचं विमान दारूने बसलं, हे आईला कळतं तर ती पदर तोंडाला लावून हसली असती. मी मात्र त्या दिवशी उघडा कॅन तिथेच टाकून अण्णांना घरी आणलं.

मिस्त्रीने नळ्या बदलल्या, कार्ब्युरेटर धुतला आणि बजावलं की पुन्हा दारूचं पेट्रोल घातलंत तर मी हात लावणार नाही. झालं, मी बिनदारूच्या पेट्रोलाच्या शोधात निघालो. तपासायची रीत सोपी आहे. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, वर पेट्रोल घालून हलवायचं आणि थांबायचं. इथेनॉल असेल तर ते पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ खुणेच्या वर चढते. रीत सोपी, पण ती पंपावर उभं राहून करणारा माणूस लोकांना वेडा वाटतो. एका पंपावर मला हाकललं. दुसरीकडे मला तपासणी अधिकारी समजून खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी बसलो होतो तोवर सगळ्यांना माप पूर्ण मिळालं. रेघ मात्र सगळीकडे चढली. रोज घरी आलो की अण्णा पलंगावरून फक्त हाताचा पंजा वर करत, म्हणजे चढली का. मी मान डोलवायचो. ते भिंतीकडे तोंड करायचे. दादा, ते मला बघवत नव्हतं.

शेवटी तळ्यावरच्या होड्यांच्या पंपाचा पत्ता लागला. होड्या महिनोन्महिने उभ्या असतात म्हणून तिथे निर्भेळ पेट्रोल ठेवतात. तिथल्या माणसाला सगळे ॲडमिरल म्हणतात (पोहता येत नाही). त्याचा नियम असा की पेट्रोल फक्त होडीला. मी विमानाचं सांगितलं तर म्हणाला, पाण्यावर उतरतं का? म्हटलं, अजून तरी नाही. मग दाताच्या डॉक्टरांची होडी उसनी घेऊन गाडीमागे बांधून नेली, तिला तहान लागल्याचं दाखवलं आणि दोन कॅन भरून आणले. दारात होडी पाहून शेजारच्या काकूंनी वरच्या मजल्यावर सामान हलवायला घेतलं.

आणि इथे घात झाला. नळी भरून, हलवून, रेघ बसायला मी ती न्हाणीघरातल्या फळीवर ठेवली. त्याच फळीवरून नर्सबाई रोज सकाळी अण्णांचा लघवीचा नमुना नेतात. दोन्ही नळ्या सारख्या, रंगही तसाच. पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल. लॅबवाल्याचा फोन आला, आवाज पार उतरलेला. त्याने विचारलं, पेशंट अजून बोलतो का, आणि त्याच्या आसपास कोणी काडी ओढत नाही ना. मी सगळा प्रकार सांगून माफी मागत होतो, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "रेघ चढलीय का ते विचार." विचारलं. तो बिचारा जाऊन बघून आला. रेघ खुणेवरच होती. अण्णांनी डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी पेज पूर्ण प्यायली.

तर आता टाकी भरली आहे. इंजिन काल चालवून पाहिलं, एकदाही खोकलं नाही. अण्णा व्हीलचेअरवर बसून ऐकत होते. खोकले तेवढे तेच.

वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. एक राहिलंच. इंजिन बंद पडलं त्यानंतर अण्णांचं लायसन्स डोळ्यांपायी रद्द झालं आहे आणि मला तर शिडीवर चढलं तरी गरगरतं. म्हणजे विमान तयार आहे, चालवणारा कोणी नाही. तू मोठी विमानं चालवायला लागलास तेव्हा अण्णा तुला हवेतला बसड्रायव्हर म्हणाले होते, आणि तू पुन्हा घरी आला नाहीस. ते चुकले होते. तसं ते म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणतो.

ता. क. २. निर्भेळ पेट्रोल झाकून ठेवलं तर सहा महिने टिकतं. डॉक्टरांनी अण्णांना तेवढे दिलेले नाहीत.

ता. क. ३. पत्र लिहिल्याचं त्यांना सांगितलेलं नाही. त्याला बोलवायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. पण काल ते मिस्त्रीच्या खांद्याला धरून विमानाशी गेले. ते परत आल्यावर मी विमानात डोकावलो. स्वतःची डावीकडची, चालवणाऱ्याची जागा त्यांनी मोकळी केली आहे. उशी उजव्या सीटवर ठेवली आहे, आणि डावी सीट अगदी शेवटच्या भोकापर्यंत मागे सरकवली आहे. आपल्या घरात इतके लांब पाय फक्त तुझे आहेत.