अप्पांना तूच सांग

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. अव्वाला सुष्मिताचा नमस्कार.

मी बरी हाय, जेवण वेळेवर हाय. फोनवर बोलताना अप्पा तुझ्या शेजारी असतात, म्हणून लिहिते.

स्पर्धा परीक्षेसाठी चालू घडामोडींचे प्रश्न सोडवायचं हे चौथं वर्ष. मागच्या वर्षी पाठ केलेली उत्तरं यंदा चुकीची ठरतात. काल सराव परीक्षेत बसल्या जागी डोळा लागला. क्लासचे सर रागावले न्हाईत. म्हणाले, "पोरी, दमलीस. पण प्रश्न झकास काढतीस की! नव्या मुलांना शिकवतीस का?"

वाईट वाटलं. खरं सांगू, सुटल्यासारखंही वाटलं. मी हो म्हणाले, आता परीक्षेला बसणार न्हाई. आज पहिला तास घेतला.

तुझा गुडघा कसा हाय?

अप्पा गावभर मला तहसीलदार म्हणतात. त्यांचं जेवण झाल्यावर सांग.

तुझी,
सुष्मिता