मनोरा काय बोलतो

१२ जानेवारी
समितीत माझं नाव! नको नको म्हणत असताना घातलंच. मनोरा ठेवायचा की पाडायचा, यावर चिन्हशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचं मत हवंय. वर्गात जन्मभर सांगत आले – इमारत बोलत नसते, आपण तिच्या तोंडी शब्द घालतो. आता म्हणे, ती काय बोलते ते लिहून द्या.

१५ जानेवारी
पहिली बैठक. डोकं उठलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, मनोरा म्हणजे आपलं शहर!" खरंच आहे. बिस्किटांच्या डब्यावर तोच, बसच्या तिकिटावर तोच. दोन रेघा आणि वर एक टोक काढलं की पोरंसोरंही ओळखतात. पर्यटन खात्याचे साहेब – लग्नाचे फोटो काढायला तिथे रांग लागते म्हणे. मग वकीलबाई हळूच म्हणाल्या, "आणि ज्यांची माणसं आत गेली, त्यांचं काय?"
सगळे चहा ढवळत बसले.
जुन्या राजवटीनं तो उंच बांधला तोच मुळी धाक म्हणून. कुठेही जा, वरून कुणीतरी बघतंय.

१६ जानेवारी
पाठ धरलीय. काही सुचत नाही.

२१ जानेवारी
आत्याकडे गेले. आतोबांना एका सकाळी चौकशीला म्हणून मनोऱ्यात नेलं, ते गेलेच. प्रेतसुद्धा दिलं नाही. मी तेव्हा शाळेत होते. तेव्हापासून आत्या बाजाराला जाते तीही वळसा घालून – तो नजरेला पडायला नको.
विचारलं, "आत्या, पाडला तर?"
भाजी निवडत होती. मान वर केली नाही. "तुम्ही शिकलेली माणसं. करा काय करायचं ते." देठं मात्र कचाकच तोडत होती.
मला उत्तर मिळालं.

२ फेब्रुवारी
टिपण दिलं. मनोऱ्याला नवे अर्थ चिकटले, पण जुना काही निघत नाही, पाडावा. माझ्या एका मतानं पारडं फिरलं! अध्यक्ष बोललेही नाहीत माझ्याशी. घरी येऊन तशीच आडवी झाले. सुटले एकदाची.

५ फेब्रुवारी
आत्याला फोनवर सांगितलं. "बरं," म्हणाली. मग – "पाडायच्या आधी मला एकदा वर नेशील?"
मी चाट!

११ फेब्रुवारी
नेलं. रखवालदारानं चौकशीच्या माणसांना ठेवायचे ती वरची कोठडी उघडून दिली. पोपडे आलेल्या भिंती, गजांची हातभर खिडकी. आत्या गज धरून उभी राहिली. आता रडणार म्हणून मी पाण्याची बाटली काढली.
"अगं, ती बघ आपली गच्ची! दोरीवरचे कपडेसुद्धा दिसतात."
मी पाहिलं. दिसत होते.
"ह्यांना मी दिसत असेन गं. रोज सकाळी जायचे मी वर, कपडे वाळत घालायला. कधी इकडे तोंड केलं नाही." मग हसली. किती वर्षांनी! "म्हणजे अगदी एकटे नव्हते."
मी आयुष्यभर खालून वर बघूनच अर्थ लावत बसले.
उतरताना जिन्यात तिनं माझा दंड घट्ट धरला. "पाडू देऊ नकोस हं. तू सांगितलंस तर ऐकतील."

१२ फेब्रुवारी
अध्यक्षांना फोन केला. "बाई, आदेश कालच निघाला. तुमचंच टिपण जोडलंय."