वाक्यात उपयोग करा

प्रिय जोनाथन,

'प्रिय' वाचून हुरळू नकोस. पत्र असंच सुरू करायचं असतं हे दहावीला तूच शिकवलंस, आणि त्या वर्षी तू शिकवलेल्यातलं माझ्या डोक्यात टिकलं ते तेवढंच. हे पत्र मी उपवासकाळात लिहिणार होतो. मग म्हटलं ईस्टर होऊ दे, सणाच्या तोंडावर कुणाला शिव्या कशाला. मग अर्नाळ्याला जयरामकाकांच्या बोटीवर गेलो. तिथनं सुटलो तो दमणला केळी नेणाऱ्या टेम्पोवर, तो टेम्पो तलासरीपाशी बंद पडला आणि दोन दिवस आम्ही एका धाब्यावरच पडून होतो. तिथे एक तीन पायांची कुत्री होती, पण चार पायांच्या कुत्र्यांना पळवून लावायची, तिचा रुबाब सांगायला बसलो तर पान भरेल. असो. सांगायचं हे की टाळाटाळ केली ती भीतीनं नाही. शब्द कमी पडत होते. आता पुरेसे झालेत.

मी उमेळ्याला परत आलोय. लूर्डसमावशीची केळीची वाडी होती तिथे आता बिल्डिंगचा खड्डा आहे, आणि आमच्या ओट्यावर बसलं की दिवसभर खोदणाऱ्या मशीनचा खडखडाट. हाच तो ओटा. गेल्या वर्षी जानेवारीत याच ओट्यावर माझ्या बहिणीनं, ब्रेंडानं, चहाच्या ट्रेमध्ये तुझी साखरपुड्याची अंगठी ठेवली आणि ट्रे तुझ्या आईपुढे केला. तू म्हणाला होतास, लग्नानंतर हॉस्पिटल सोड, तुळिंजला माझ्या क्लासमध्ये बस, फिया घे, पेपर तपास. ती म्हणाली, मी पेशंट सोडून पेपर तपासणार नाही. एवढंच झालं होतं. ना आवाज चढला, ना कुणी रडलं. तुझ्या आईनं चहासुद्धा पूर्ण प्यायला. मला वाटलं, सुटलो, दोन भल्या घरांत हे भलेपणानं मिटलं.

मग तुझा 'आजचा शब्द' सुरू झाला. रोज सकाळी मोबाईलवर एक मिनिट. निळा शर्ट, मागे फळा, आधी अर्थ, मग शब्दाची फोड, मग दोन समानार्थी, मग वाक्य, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बोट: आता तुम्ही पण वाक्यात उपयोग करा! पहिला शब्द मी ऐकला तो गलिबल. कुणीही सहज फसवू शकेल असा माणूस. 'ब्रेंडा इज सो गलिबल.' मी हसलो रे. म्हटलं, नाव आलं असेल योगायोगानं. दुसऱ्या दिवशी डेस्परेट. 'ब्रेंडा वॉज डेस्परेट फॉर अ हजबंड.' मग स्पिन्स्टर. तो तू किती प्रेमानं फोडून दाखवलास, स्पिन म्हणजे सूत कातणं, पूर्वी बिनलग्नाच्या बायका घरी बसून सूत कातायच्या, आणि मग गोड हसून, 'ब्रेंडा विल डाय अ स्पिन्स्टर.' खाली हसऱ्या तोंडांची रांग. त्यात आपल्या शाळेतली किती तोंडं होती, मोजलीयेस? मी ओळखली एकेक.

मी तुझ्या क्लासवर आलो होतो, आठवतं? फुलपाड्याची पोरं जिन्यात उभी होती. तू खांद्यावर हात ठेवून म्हणालास, अरे ग्लेन, उदाहरण आहे ते, नाव काय, कुठलंही घेता येतं, उद्या तुझं घेतो. पोरं खिदळली. हीच तुझी कमाल. शिवी दिली असतीस तर मी कानफटात दिली असती, गाव माझ्या बाजूनं उभं राहिलं असतं. तू शिवी दिलीच नाहीस. तू शिकवलंस. उदाहरणावर कोण केस करणार? इकडे हॉस्पिटलात वॉर्डबॉय तिला 'आजचा शब्द' म्हणायला लागले. काय सिस्टर, आज कुठला? ती औषधं देत राहायची. रविवारी ती आपल्या देवळात यायची बंद झाली, पहाटेच्या मिसाच्या प्रार्थनेला दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जाते. विचारलं तर म्हणते, ड्युटीच्या वेळेला ते बरं पडतं. ममा ऐकून घेते. मी नाही ऐकून घेत.

मग मी तुला इंग्रजीत उत्तर द्यायचं ठरवलं, तीच माझी चूक. दहावीला दोनदा इंग्रजीत उडालेला माणूस, चाललो तुझ्याशी इंग्रजीत भांडायला! तुझ्या शब्दाखाली लिहिलं, 'आय विल डू युवर इन्सल्ट.' दुसऱ्या सकाळी माझं ते वाक्य तुझ्या फळ्यावर, वर लाल खडूची रेघ. इन्सल्ट करतात, मित्रांनो, 'डू' करत नाहीत. त्या दिवशी सगळ्यात जास्त हशा आला. बरं केलंस. तो हशा मी बोटीवर नेला.

हो, मी शिकलो. जयरामकाकांच्या बोटीवर मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, जाळी टाकून झाली की. काका ओरडायचे, काय रं पोरा, त्या मोबाईलात पानी शिरलंय का, सारखा कान लावून बसतोस? मी म्हणायचो, काका, शिव्या पाठ करतोय. मग ते खूश. तुझीच पद्धत वापरली. शब्द फोडायचा, खाली काय आहे ते बघायचं, भावंडं शोधायची. मॅल म्हणजे वाईट, त्यावरनं मॅलिस म्हणजे आकस, मॅलाइन म्हणजे बदनामी करणं, आणि मलेरियासुद्धा. वाईट हवा, म्हणून. हे मला कुणी शाळेत सांगितलं असतं तर मी कदाचित उडालो नसतो. ग्रेस म्हणजे कृपा, जी आपण लहानपणापासून गुडघे टेकून मागतो, तिच्यापुढे 'डिस' चिकटवलं की कृपा गेली आणि बेअब्रू उरली. तू माझ्या बहिणीच्या नावापुढे रोज सकाळी ते 'डिस' चिकटवत होतास. आणि मला सगळ्यात आवडलेला शब्द, कॉवर्ड, भित्रा. फोड करू? त्याच्या मुळाशी शेपूट आहे. मागचं 'अर्ड' तेच, जे ड्रंकर्डला लागतं. समानार्थी, क्रेव्हन, चिकन. वाक्य मी केलंय. 'जोनाथन टीचेस इंग्लिश विथ हिज टेल बिटवीन हिज लेग्ज.' इंग्रजीतही शेपूट घालतात हे बघून मला त्या भाषेबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला. काढ आता लाल खडू, दाखव चूक.

आता आपल्या दोघांच्या कामाचं. गेले दोन रविवार मिसा संपता संपता फादर वाचून दाखवतायत, उमेळ्याचा जोनाथन आणि पाचूबंदरची रोझलीन यांचा विवाह ठरला आहे, कुणाला काही अडथळा ठाऊक असल्यास कळवावं. पहिल्या रविवारी मी मागच्या बाकावर होतो. तू पुढे, नवीन कोट, मानेला पावडर. अडथळ्याला इंग्रजीत इम्पेडिमेंट म्हणतात, हे मी त्याच दुपारी शोधलं. पेड म्हणजे पाय, पेडल, पेडेस्ट्रियन, सगळे त्याच घरचे. चालत्या माणसाच्या पायात जे अडकतं ते इम्पेडिमेंट. तिसरी आणि शेवटची घोषणा परवाच्या रविवारी आहे. मी उठून उभा राहणार होतो. मला माहितीये, असला अडथळा चर्चच्या नियमात बसत नाही, पहिली बायको नाही, नातं नाही, जबरदस्ती नाही. फादर मला खाली बसवतील, तुझे काका मला दंडाला धरून बाहेर काढतील. काढू देत. तोवर तुझे सगळे शब्द अर्थासकट म्हणून झाले असते, आधी इंग्रजीत, मग म्हाताऱ्या माणसांसाठी मराठीत. तुझी आई ऐकेल, रोझलीनचे कुणी आले असतील तर ते ऐकतील, तुझे क्लासचे पालक ऐकतील. तू मान खाली घालशील. तुझी ती मान मला बघायची होती. वर्षभर मी जेवताना, झोपताना, टेम्पोच्या टपावर बसून हेच बघत आलोय, आणि खोटं कशाला बोलू, फार सुख मिळालंय मला त्यात.

पण काल ब्रेंडाला कळलं. मी अंगणात उभा राहून मोठ्यानं सराव करत होतो, दुसरं काय. ती ड्युटीवरून आली, फाटकाशी थांबून तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं, शाबासकी देईल. ती म्हणाली, "ग्लेन, तो मला मोबाईलवर एक मिनिट वापरतो. तू मला देवळात वापरणार. गावाच्या तोंडी परत माझंच नाव, तेच शब्द, आणि ह्या वेळी सांगणारा माझा भाऊ." मी म्हटलं, मग त्याला असंच सोडायचं? ती म्हणाली, मी कुठे सोडलंय, पण माझं भांडण मला दे. आणि ममाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून तिनं माझ्याकडून वचन घेतलं की रविवारी मी बाकावरून उठणार नाही. मी ते मोडणार नाही. म्हणून हे पत्र, जोनाथन. जे अख्ख्या गावासमोर बोलायचं होतं ते तुझ्या एकट्यासमोर बोललो. खरं तर वचनाचं तुला सांगणारच नव्हतो. घोषणा होईपर्यंत तू माझ्या बाकाकडे बघत घामाघूम व्हावंस, माझा गुडघा जरा हलला तरी तुझा जीव जावा, एवढ्यासाठीच हे लिहायला बसलो होतो. तसंच संपवणार होतो. पण वर ती परवाच्या रविवारची ओळ लिहिता लिहिता फाटकाशी स्कूटी थांबली. हेल्मेट काढलं तेव्हा ओळखलं, तुमच्या साखरपुड्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. रोझलीन. एकटीच. तिनं मला विचारलं, "तो म्हणतो नाव कुठलंही घेता येतं. ही ब्रेंडा खरी आहे का?" मी दाराकडे बोट केलं. ब्रेंडाच बाहेर आली, ओले हात पुसत म्हणाली, ये, आत ये. दोघी आत बसल्यात. दार लावून घेतलंय आणि मला ओट्यावर ठेवलंय. आतनं आवाज येतोय तो फक्त ब्रेंडाचा, हळू, न थांबता. पत्र मी आत्ताच तुझ्या घरी टाकतो, स्कूटी इथनं निघायच्या आत तुझ्या हातात पडू दे.

तुझाच,
ग्लेन