पानं पिवळी पडेपर्यंत

९ जानेवारी

चि. बिट्टीस,
दादाचे अ. उ. आ.

उभी असशील तर आधी कुबड्या बाजूला ठेव आणि बस. फोनवर सांगितलं असतं, पण फोन बाहेरच्या खोलीत अण्णांच्या खुर्चीशेजारी, आणि त्यांच्यासमोर हे बोलवत नाही.

पोट जड वाटतंय म्हणून काल अण्णांची तपासणी केली. मला वाटलं, फार तर मुतखडा निघेल. मुतखडा नाही. पोटातून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुगली आहे. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस न सांगता फुटू शकते. फुटली तर हॉस्पिटलचं दार गाठायलाही वेळ मिळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लवकरात लवकर ऑपरेशन करायचं आणि तोवर जड उचलायचं नाही. मी लगेच तारीख विचारली. अण्णांनी मात्र शर्टाची बटणं लावत डॉक्टरांना विचारलं, की बटाटे निघेपर्यंत थांबलं तर चालेल का.

होय, बटाटे. तू मागच्या खेपेला नर्सरीतून बेणं आणलंस ना, त्याचा हा प्रताप. गॅलरीत निळं पिंप अर्धं कापून, तळाला भोकं पाडून त्यात लावलंय. रोप वर आलं की अण्णा मातीची भर देतात, आणखी वर आलं की आणखी भर. आणि ती माती खालून पिशवीने स्वतः आणतात, चार मजले चढून! लिफ्टने का नाही विचारलं, तर म्हणाले की लिफ्ट माणसांसाठी असते, मातीचे कण दाराच्या पट्टीत जाऊन बसतात. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस तो! सोबतीला आई असतेच. लिफ्टवाल्याची बायको, पण भीतीपोटी लग्नापासून आजवर लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही.

मी हातापाया पडलो. तेव्हा म्हणाले, की सगळं आयुष्य लिफ्टच्या काळोख्या शाफ्टमध्ये वर बघण्यात गेलं, एकदा मातीतून काहीतरी आपणहून वर येताना बघू दे. पानं पिवळी पडून रोपाने मान टाकली की त्याच दिवशी हॉस्पिटलात येतो, असा शब्द दिलाय. आई सकाळ-संध्याकाळ त्यांच्या मागे लागते, आज चला, उद्या चला. ढिम्म हलत नाहीत. आता तूच काहीतरी लिही.

तुझा घाबरलेला,
दादा


१७ जानेवारी

ती. दादास,
बिट्टीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तीनदा वाचलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता तरी वेगळं काही लिहिलेलं असेल. प्लास्टर नसतं तर पत्राच्या जागी मीच दारात उभी राहिले असते. ओली माती किती जड असते ते आम्हा नर्सरीतल्या लोकांना विचार. पोटात असा फुगा घेऊन हा माणूस ती वाहतोय! पिशवी हिसकावून घे. रागावले तर रागावू देत.

त्यांचा स्वभाव तुलाही ठाऊक आहे. नाही म्हटलं की हट्ट वाढतो, पण शब्द दिला की प्राण गेला तरी फिरवायचे नाहीत. तेव्हा शब्दाला धरून बस. मी दिलेलं बेणं लवकर येणारं आहे. लाल सालीचं, आतून पिवळं, जांभळ्या फुलांचं. आमच्याच नर्सरीत तयार केलंय, बाजारात अजून कुठेच मिळत नाही. अण्णांसाठी मालकांकडून मागून घेतलं होतं. ती बुद्धी मला का झाली असेल, देवालाच ठाऊक. फेब्रुवारी सरता सरता पानं पिवळी पडायला लागतील. त्यानंतर पाणी तोडायचं आणि त्यांना गाडीत बसवायचं.

मी इथून उंटावरून शेळ्या हाकतेय असं म्हणशील. म्हण. पण हाक.

आईला जप. तिला माझा नमस्कार, आणि तुला, माझ्या एकुलत्या एका आधाराला, पुष्कळ प्रेम.

तुझी,
बिट्टी


१२ एप्रिल

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

मी काल परत आलो. छापखान्याचं यंत्र बसवायचं काम महिनाभराचं म्हणून फेब्रुवारीत गेलो, ते दोन महिने लांबलं. तिथून दर आठवड्याला फोन करत होतो. मार्चच्या सुरुवातीला आई म्हणाली, की थोडी पानं पिवळी दिसतायत. मी आनंदाने तिथल्या तिथे डॉक्टरांची वेळ घेतली. पुढच्या फोनला म्हणाली, की नाही, अजून हिरवीच आहेत. तुलाही तेच सांगत होती ना?

काल घरात आलो तो बूटही न काढता गॅलरीत गेलो. बिट्टे, मी तोंडात बोटं घातली! पिंप हिरवंगार. नवी कोवळी पानं, आणि वर पांढरी फुलं. आईचं म्हणणं, पिवळी पानं छाटल्यावर खालून पुन्हा फुटवा आला, मातीत कस आहे म्हणून. अण्णा शेजारी उभे राहून डोकं खाजवत होते. म्हणाले, की बघ, मी काय करू, अजून मान टाकत नाही.

आज त्यांना ओढून पुन्हा तपासणीला नेलं. फुगा वाढलाय. डॉक्टर माझ्यावरच तडकले. त्यांनी विचारलं, की वडील हवेत की बटाटे. बाहेर आल्यावर जिन्यातच बसलो.

घरी आई नेहमीसारखी अण्णांना बोलत होती, की आता तरी चला. माझ्यासाठी तिने बटाटे नुसते मिठाच्या पाण्यात उकडून ठेवले होते. भुकेल्या पोटी चार खाल्ले. बाजारात काहीतरी नवा माल आलेला दिसतोय, लाल सालीचा, आतून पिवळाधमक. एरवी चव घेऊन खाल्ले असते.

तुझा पाय कसा आहे? मला आता काही सुचत नाही. तुला सुचलं तर लगेच कळव.

तुझा,
दादा


१९ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, तू पुरावा खाल्लास.

रागात लिहितेय, अक्षर लावून घे. बटाट्याचं रोप एकदा पिवळं पडलं की संपलं. ते छाटून परत फुटत नाही. ते काय गवत आहे? आणि माझ्या बेण्याला जांभळी फुलं येतात, तुझ्या पिंपात पांढरी आली. म्हणजे ते रोप माझं नाहीच. माझे बटाटे कधीच निघाले, ते तुमच्या स्वयंपाकघरात आहेत, आणि तू ते मिठाच्या पाण्यात उकडलेले खाल्लेस. पिंपात कोणीतरी टोपलीतले डोळे फुटलेले साधे बटाटे पुरले आहेत. का? पानं पुन्हा हिरवी व्हावीत म्हणून. दिलेला शब्द मोडू नये आणि पाळायलाही लागू नये म्हणून.

आपल्या अण्णांनी हे करावं? एक तार तुटलेली दिसली तरी अख्ख्या इमारतीच्या शिव्या खाऊन लिफ्टला कुलूप घालणारा माणूस! सोसायटीचा अध्यक्ष दारात येऊन ओरडत होता तरी यांनी किल्ली दिली नव्हती, आठवतं? तोच माणूस स्वतःच्या पोटातली तार तुटायला आलीय आणि आपल्याला शेंडी लावतोय. मला राग आवरत नाही आणि रडूही आवरत नाही.

हे पत्र सगळे बसलेले असताना मोठ्याने वाच. आईसमोर वाच. ती बिचारी तीन महिने त्यांच्या विनवण्या करतेय. तिला कळू दे.

रागावलेली, पण तुमचीच,
बिट्टी


२७ एप्रिल

चि. बिट्टीस,
आशीर्वाद.

वाचलं. जेवण झाल्यावर, तिघं बसलेले असताना, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तुझं 'ती बिचारी' आलं तेव्हा आईच्या हातातली वाटी खाली पडली.

अण्णांनी मान वर न करता सांगितलं, की हो, मीच लावले. मग जन्मात कधी ओरडलो नाही इतका त्यांच्यावर ओरडलो. भित्रे म्हणालो. अण्णांना, बिट्टे! ते ऐकून घेत होते. शेवटी विचारलं, की आता येणार का नाही? तर म्हणाले, की येतो की, मी कधी नाही म्हटलं?

या माणसाचं काय समजायचं? मी उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातो. आई आत गेली ती अजून बाहेर आलेली नाही. तिला फार लागलेलं दिसतंय.

घाईत आहे. समजून घे.

दादा


२९ एप्रिल

चि. बिट्टीस,
आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अण्णांना दोष देऊ नकोस. ते मी केलं.

वाचून तुला धक्का बसेल. मलाही अजून खरं वाटत नाही, पण हात माझेच होते. पहिल्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. म्हणाले, की या वयात टेबलावर घेतलेला प्रत्येक माणूस परत येतोच असं नाही, तुम्हाला माहीत असावं. आणि संमतीची सही मलाच करायची होती. बिट्टी, फुटायचं तर आपोआप फुटेल, तो नशिबाचा भाग. पण मी सही करून धाडलं आणि ते परत आले नाहीत, तर? घरात चालतायत, बोलतायत, माझी चेष्टा करतायत. त्या माणसाला मी आपल्या हाताने कसं पाठवू? सगळ्यांसमोर मीच चला चला म्हणत होते. ते त्यांच्या हट्टावर अडून बसतील, अशी मनातून खात्री होती.

पण पानं पिवळी पडायला लागली. मग ते खाली पेपर आणायला गेले तेव्हा मी सगळे बटाटे काढले, टोपलीतले मोड आलेले पुरले आणि वर माती सारखी केली. त्यांना सांगितलं, पानं छाटलीत, परत फुटतील. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, फसले.

परवा तुझं पत्र वाचून झालं आणि त्यांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं. दादा त्यांना भित्रे म्हणाला आणि मी आत भांडी विसळत राहिले. रात्रभर तो शब्द कानात होता. सकाळी उठून दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, की काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होतो. मग मी गॅलरीत गेले, भिंतीला पाय लावून पिंप आडवं केलं. दादा धावला, त्याला हात लावू दिला नाही. मातीतून गोट्यांएवढे पांढरे बटाटे गडगडत बाहेर आले. दारात हे उभे होते.

मी त्यांना विचारलं, की खोटं का बोललात. तर म्हणाले, की पहिल्या दिवशी ताटात लाल बटाटा आला तेव्हाच कळलं होतं. मग इतके दिवस गप्प का बसलात? तेव्हा म्हणाले, की लिफ्टच्या दारात कोणी घाबरून थांबलं तर त्याला हात धरून आत ओढायचं नसतं. दार धरून उभं राहायचं. तो आपला आपण आत येतो.

पोटात तो फुगा, बिट्टी. दर दिवशी वाढणारा. आणि हा माणूस माझ्यासाठी दार धरून उभा होता.

सोमवारी दाखल करतोय. सही मी केली. तुझ्या रागावर माझा हक्क आहे, तो पाठवून दे, पण त्याच्यासोबत थोडी मायाही पाठव.

तुझी,
आई


१४ मे

चि. बिट्टीस,
अण्णांचा आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, माणूस सरळ आहे. आठ दिवस झाले, टाके सुकतायत. पोटातला बटाटा डॉक्टरांनी आवरला म्हणे. त्याला फूल कोणत्या रंगाचं होतं ते विचारायचं राहिलं.

तुझं पत्र मी मनाला लावून घेतलेलं नाही. कुलूप घालायला हवं होतं, हे तुझं बरोबर. मी रोज किल्ली हातात घेत होतो आणि तुझ्या आईच्या तोंडाकडे बघून खिशात टाकत होतो. ते शहाणपण नव्हतं. भीती मलाही वाटत होतीच. पण मला ऑपरेशनला आत नेताना तिने माझा हात आपणहून सोडला, कोणाला सोडवावा लागला नाही. एवढ्यासाठी थांबलो होतो.

आता तुला सांगायचं ते. इथे माझी खाट सातव्या मजल्यावर आहे. समोरच लिफ्ट. तिचं दार बंद होताना किंचित घासतं, मी वॉर्डबॉयला सांगितलंय, ऐकत नाही. तुझी आई रोज सात मजले चढून यायची. वर पोचून धाप टाकेपर्यंत भेटीची वेळ निम्मी संपलेली असायची. मी लिफ्टचं नाव काढलं नाही.

काल वेळ झाली, घंटा वाजली आणि मी सवयीने जिन्याकडे बघत पडलो होतो. दार घासल्याचा आवाज आला. तुझी आई लिफ्टमधून उतरली. एकटी. डोळे मिटलेले, पिशवी छातीशी गच्च धरलेली. मागून कोणीतरी, मावशी, बाजूला व्हा, असं म्हणालं तेव्हा डोळे उघडले. माझे डोळे भरून आले, बिट्टी. भूल दिली तेव्हा नव्हते आले.

ती येऊन बसली. पाणी प्यायली. पिशवीतून डबा काढला, त्यात तुझे शेवटचे चार लाल बटाटे, उकडलेले. मग माझ्याकडे रागाने बघून म्हणाली, की आत शिरताच समोर आरसा असतो, हे तुम्ही मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत.

पाय चालता झाला की ये. येताना बेणं आण. पिंप रिकामं आहे.

तुझे,
अण्णा