हळदीनं माझा कान गेला नाही

प्रिय आत्याबाई,

सुनेनं सासूला 'प्रिय' लिहिलंय, हे बघून तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला ऐकू येत नव्हतं. त्यामुळं आपल्या दोघींत केवढं राहून गेलं!

आज लिहायला बसले, कारण काल नांदेडला माझी परीक्षा झाली. डाव्या कानात यंत्र बसवून चार महिने झाले. तिथल्या कानाच्या डॉक्टर मॅडमनी तोंडापुढं पुठ्ठा धरला आणि एकेक शब्द म्हटला. ओठ दिसत नव्हते, नुसत्या कानावर ओळखायचं होतं. दहातले सात आले! 'भाकरी'ला मी 'चाकरी' म्हटलं, ते सोडा. पण सात, आत्याबाई! पहिल्या दिवशी नुसत्या शिट्ट्या वाजायच्या. लेक गौरी बोलली तरी शिट्टी, कुकर झाला तरी शिट्टी.

हे पत्र मी मुद्दामच थांबवून ठेवलं होतं. रडका निरोप तुमच्याकडं पाठवायचा नव्हता.

गौरी झाली त्या बाळंतपणानंतर मला तो ताप आला आणि ऐकू येणं कमी कमी होत गेलं. डावा कान पार गेला, उजवा थोडा राहिला. घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलायचे. तुम्ही मात्र कधी ओरडला नाहीत. उदगीरच्या त्या पिठाच्या गिरणीत तुमचं आयुष्य गेलं होतं. गिरणी चालू असली की तिथं सगळेच बहिरे! त्यामुळं ओठ मोठे करून, हातानं दाखवून बोलायची तुम्हाला सवयच होती. तुमचा शब्द न् शब्द मला दिसायचा. माझ्या आईचंही बोलणं मला तेवढं कळत नव्हतं.

डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशन करून कानात यंत्र बसवायचं सांगितलं, तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "डोक्याला भोक पाडून घ्यायलेत! उलटं झालं तर?"

तुम्ही चाळणी खाली ठेवली. "कान तिचा हाय. ती व्हय म्हनायली ना? मग मी हाय तिच्यासंगं."

लातूरच्या दवाखान्यात उजव्या कानाचं ऑपरेशन झालं, तेव्हा सगळे दिवस तुम्हीच माझ्यापाशी राहिलात. टाके निघाले, घरी आलो. यंत्र सुरू व्हायला थोडे दिवस होते. आणि कान ठणकायला लागला. कानामागं सुजलं. दवाखान्यात फोन केला तर गोळ्या चालू ठेवा म्हणाले. तुम्हाला माझं कण्हणं बघवेना. तुम्ही खोबरेल तेलात हळद कालवली आणि हलक्या बोटानं सुजेवर लावली. किती गार वाटलं होतं! ते मी तुम्हाला सांगितलं होतं का? आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, पू आला. परत लातूर गाठलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं कानामागचा पिवळा डाग बघितला आणि तुमच्याकडं बोट करून काहीतरी बोलला. मला नुसतं तुमचं तोंड दिसलं. एकदम पांढरं पडलं होतं.

जंतू आतल्या कानापर्यंत गेले होते. यंत्र काढावं लागलं. उजव्या कानात जे थोडं उरलं होतं, तेही गेलं. तोल जायचा, म्हणून दोन महिने मी भिंत धरून चालत होते.

आणि तुम्ही? तुम्ही माझ्याकडं बघायचंच सोडलंत! ताट ठेवायचात आणि वळायचात. बोलायचात ते चुलीकडं तोंड करून. ओठ दिसले नाहीत तर मला काय कळणार होतं, आत्याबाई? जगात एक तोंड मला नीट वाचता येत होतं, तेच तुम्ही फिरवलंत. मला वाटलं, सून कायमची बहिरी झाली, आता नकोशी झाली. मी पण रागानं गप्प झाले. वर्षभर! शेवटी तुम्ही गिरणीतच छाती धरून बसलात, आणि उठलाच नाहीत.

डाव्या कानाचं ऑपरेशन करायचं ठरलं, ते तुम्ही गेल्यानंतर दीड वर्षानं. नांदेडच्या मॅडमनी जुनी फाईल उघडली आणि माझ्याकडं सरळ तोंड करून म्हणाल्या, "मागच्या वेळी काय काय झालं, पहिल्यापासून सांगा. सगळ्यात आधी काय त्रास झाला?"

मी म्हटलं, "चक्कर. सोमवारी सकाळी उठले तर सगळी खोली फिरायली. उलटीही झाली."

"आणि कान दुखायला कधी लागला?"

"गुरुवारी. त्याच दिवशी सासूबाईंनी हळद लावली."

शेजारी बसलेले माझे मालक, तुमचे शिवराज, उभेच राहिले. "सोमवारपासून? तू मला बोलली न्हाईस!"

नव्हते बोलले. हेच तुम्हाला सांगायचंय. तीन दिवस मला गरगरत होतं आणि मी ते लपवलं. पलंगाला धरून उठायची, न्हाणीत जाऊन उलटी करायची, पाणी ओतून बाहेर यायची. तुम्ही माझ्यासाठी भाऊजींशी भांडला होतात. काही बिघडलं म्हटलं, तर सगळ्यांसमोर तुमची मान खाली जाईल, असं वाटलं. आपोआप बरं होईल, असंही वाटलं.

मॅडमनी मान हलवली. "चक्कर आधी आली, म्हणजे जंतू तेव्हाच आत पोचले होते. हळद वरच्या कातडीवर होती. लावायला नको होती, पण कान तिच्यामुळं गेला नाही. लाख काळजी घेतली तरी कधीकधी असा संसर्ग होतो. फक्त चक्कर आली त्याच दिवशी यायला हवं होतं."

बाहेर बाकड्यावर बसून शिवराज लहान पोरासारखे रडले. मला वाटलं, माझ्यावर चिडलेत. त्यांनी फोनवर लिहून दाखवलं: 'आई मरेपर्यंत म्हणायची, माझ्या हातानं पोरीचा कान गेला, मी कुठल्या तोंडानं तिच्याकडं बघू. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती.'

अहो आत्याबाई! मला एकदा विचारलं असतंत तर? माझा हात धरून नुसतं कानाकडं बोट दाखवलं असतंत, तरी मला कळलं असतं! आणि मी तरी काय केलं? तुमची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं फिरवायला मला किती वेळ लागला असता? तुम्ही रागावला नसता. मला माहीत आहे, तुम्ही माझ्या गळ्यात पडला असता.

तुमच्या हातानं माझं काही वाईट झालं नाही. हे मी भाऊजींना सांगितलं, जावेला सांगितलं, गिरणीवर येणाऱ्या बायकांनाही सांगितलं. चक्कर मी लपवली, हेही सांगितलं. लाज वाटली नाही. बोलून टाकल्यावर अंग हलकं झालं.

या वेळी ऑपरेशनच्या आधी लस घेतली आणि नंतर रोजचं रोज सांगत गेले. मागच्या महिन्यात कानामागं जरासं दुखलं, लगेच फोटो काढून मॅडमना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'चष्म्याची काडी घासतेय, चष्मा बदला.' शिवराज पोट धरून हसले. हसू द्या की! मी चष्मा बदलला.

दवाखान्यात हदगावची एक बाई भेटते. तिच्या तीन वर्षांच्या लेकीचं नुकतंच ऑपरेशन झालंय. सासू रोज विचारते, हे लावू का, ते लावू का. ती बाई वैतागली होती. मी म्हटलं, "त्यांना पण घेऊन या पुढच्या वेळी. मॅडमच्या समोर बसवा. काय लावायचं नाही ते त्यांनाच ऐकू द्या, आणि पोरगी तोल जाऊन पडायली का, तेवढं बघायचं काम त्यांच्याकडं द्या." काल ती सासू आली होती. वहीत खुणा करून आणल्या होत्या, कोणत्या दिवशी पोरगी किती वेळा पडली त्याच्या. मॅडम खुश झाल्या.

आत्याबाई, तुम्हाला वचन देते. माझ्या ओळखीत ज्या ज्या घरात हे ऑपरेशन होईल, तिथं मी जाणार. पेशंटशी बोलेन, पण आधी त्या घरातल्या म्हातारीपाशी बसेन. तिच्याकडं तोंड करून.

तुमची सून,
सुनीता